फुलाचा सातबारा

नोकरी संपली की माणसाला छंद हवा, असा आपल्याकडे अलिखित नियम आहे. आमच्या साताऱ्यातले निवृत्त लोक पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढतात, हास्यक्लबात घसा मोकळा करतात आणि उतरताना पेन्शनच्या फरकाचा हिशेब मांडतात. मला चढ सोसत नाही आणि कारण नसताना हसणं सरकारी नोकरीत अंगवळणी पडलं नाही. उभी हयात मी नोंदणी कार्यालयात काढली. लोकांची शेतं, वाडे, फ्लॅट, गहाणखतं, बक्षीसपत्रं, सगळ्यांवर इमानेइतबारे शिक्के मारले. माझ्या स्वतःच्या नावावर मात्र एक जुनी स्कूटर आणि पतपेढीचे थोडे शेअर. आपल्याही नावावर काहीतरी लागावं, ही हाव मनात दबा धरून बसली होती. तिला वाट फुटली ती टॅटिंगमधून.

टॅटिंग म्हणजे गाठींची लेस. क्रोशाला हुकाची सुई लागते, बॉबिन लेसला उशी, टाचण्या आणि दोरा गुंडाळलेल्या काड्यांचा ढीग लागतो. टॅटिंगला बोटभर लांबीचं शटल आणि स्वतःची दहा बोटं एवढ्यावर भागतं. खर्च कमी, आवाज नाही, घाम नाही. शिवाय आमच्या आळीत एकही पुरुष ते करत नव्हता, त्यामुळे अमक्याचं बघा आणि तुमचं बघा, असं ऐकून घेण्याची भीती नव्हती. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आमच्या वहिनी यातल्या जाणकार. त्यांनी आनंदानं शिकवायचं कबूल केलं. तो आनंद पहिल्या आठवड्यापुरताच टिकला.

सुरुवात दोऱ्यापासून झाली. दुकानदारानं विचारलं, "कितवा नंबर देऊ?" डोळ्यांना नीट दिसावा म्हणून मी म्हटलं, "सगळ्यात मोठा द्या." त्यानं निमूटपणे ८० नंबरची गुंडी काढून दिली. घरी आल्यावर कळलं, की दोऱ्याच्या जगात हिशेब उलटा असतो. १० नंबरचा दोरा जाड, २० चा मध्यम, ४० चा बारीक, आणि ८० चा जवळपास केसासारखा. वहिनींनी तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "भाऊजी, हा मलाही चष्मा लावून जड जातो. तुम्ही माझा २० नंबरचा घ्या, आणि हा मला द्या." पहिल्याच दिवशी माझी गुंडी अशी त्यांच्या नावावर वर्ग झाली.

आता मुख्य गाठ. डाव्या हाताच्या बोटांभोवती दोऱ्याचं वेटोळं घ्यायचं, उजव्या हातातलं शटल त्याच्या खालून घालून वरून परत आणायचं. झाली अर्धी गाठ. मग उलट बाजूनं तेच, म्हणजे झाली पूर्ण. ऐकायला सोपं आहे. खरी मेख अशी, की गाठ शटलच्या दोऱ्याची पडते, पण ती तशीच राहू द्यायची नसते. डाव्या हाताची बोटं सैल सोडून शटलचा दोरा ताणला, की गाठ एका क्षणात उलटते. आता वेटोळ्याचा दोरा शटलच्या दोऱ्याभोवती बसतो आणि शटलचा दोरा आतून सरळ, मोकळा पळतो. तो मोकळा असेल तरच शेवटी ओढल्यावर सगळ्या गाठी जवळ येऊन गोल रिंग मिटते. एक जरी गाठ उलटायची राहिली, तरी रिंग तिथेच अडते. बरं, क्रोशासारखं सर्रकन उसवता येत नाही. सुईच्या टोकानं एकेक गाठ सोडवा, नाहीतर कात्री घ्या.

माझ्या गाठी उलटेनात. मी दोन्ही हातांनी दोरा घट्ट धरायचो, कारण हातात आलेला कागद घट्ट धरणं हेच आयुष्यभर केलं होतं. वहिनी सांगून सांगून थकल्या. "भाऊजी, डावा हात सोडा. सोडा म्हणते ना. फाइल नाहीये ती." शेवटी एका संध्याकाळी चहाला उशीर झाल्यामुळे माझं लक्ष स्वयंपाकघराकडे गेलं, डावी बोटं आपोआप सैल झाली आणि गाठ टक्कन उलटली. मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो, की हिच्या हातून चहाचं गाळणं पडलं.

रिंग मिटायला लागल्यावर माझ्यातला निर्माता जागा झाला. टॅटिंगचा नमुना आकड्यांत लिहितात. पाच गाठी, मग पिको म्हणजे दोन गाठींमध्ये मुद्दाम सोडलेला दोऱ्याचा इवलासा फास, मग पुन्हा पाच गाठी. लिहायचं ५-५-५-५, म्हणजे वीस गाठी आणि मधे तीन पिको. अशा सहा रिंगा बाजूच्या पिकोंनी एकमेकींना जोडल्या, की सहा पाकळ्यांचं फूल होतं. ते मी केलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या पुस्तकात पाहिलं नव्हतं. मी थरारलो. त्याला 'निवृत्तीपुष्प' असं नाव दिलं. बशीखाली मावेल एवढा रुमाल त्यातून तयार झाला. तक्ता काढला आणि त्यावर माझं नाव चार ठिकाणी लिहिलं: वर, खाली, बाजूला आणि फुलाच्या मधोमध. जोडीला वर्तुळातला 'सी'.

मग कायदा वाचायला घेतला. कॉपीराइट कायदा, १९५७. नोंदणीच्या माणसाला कायद्याची कलमं म्हणजे मेजवानी, आणि यातलं व्याख्यांचं कलम वाचून मी गहिवरलो. चित्र, आकृती, नकाशा, तक्ता हे सगळं 'कलाकृती' ठरतं, मग त्यात कलात्मक गुण असोत वा नसोत. माझा तक्ता पाहून हिनं "हा ड्रेनेजचा नकाशा का?" असं विचारलं होतं, पण भारताची संसद माझ्या बाजूनं उभी होती. हक्क मिळवायला नोंदणी सक्तीची नाही, कागदावर उतरलं की हक्क जन्माला येतो, हे वाचून मात्र मन खट्टू झालं. नोंदणीशिवाय हक्क ही गोष्ट माझ्या रक्तातच बसत नाही. पुढे हक्काची मुदत वाचली: निर्मात्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. आधी ती ५० होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, त्यामुळे १९९१ अखेर त्यांच्या लेखनावरचा हक्क संपत होता; मग कायदा बदलून सगळ्यांनाच दहा वर्षं वाढवून मिळाली. रवींद्रनाथ आणि मी एकाच सवलतीचे लाभार्थी, हे मी घरी जेवताना दोनदा सांगितलं.

एक कलम जरा काळजीचं होतं. डिझाइन कायद्यान्वये नोंदवता येण्यासारखी नक्षी नोंदवली नसेल, आणि ती लावलेली वस्तू औद्योगिक प्रक्रियेनं ५० हून अधिक वेळा निघाली, तर त्या नक्षीवरचा कॉपीराइट संपतो. हाताची लेस ही औद्योगिक प्रक्रिया की काय, यावर मी दोन पानी टिपण लिहिलं. नंतर लक्षात आलं, की माझ्या वेगानं एकावन्नावा रुमाल पुरा होईपर्यंत मृत्यूनंतरची ६० वर्षंही उलटून गेलेली असतील. टिपण फाइलला लावून टाकलं.

वहिनींचा दर गुरुवारी दुपारी आळीतल्या बायकांसाठी टॅटिंगचा वर्ग असे. बायकांना माझा रुमाल पाहायचा होता. मी जाताना एक वही घेऊन गेलो. त्यात रकाने आखले होते: अनुक्रमांक, नाव, पाहिल्याची वेळ, आणि 'सदर नक्षी मी उतरवून घेणार नाही' या मजकुराखाली सही. पहिल्या बाईंनी सही केली. दुसऱ्या म्हणाल्या, "अहो, चष्मा घरी राहिलाय, न बघताच सही करते." तिसऱ्यांनी रुमाल दुरूनच पाहून, "छान आहे हो, पण एक रिंग मिटली नाही वाटतं," असं म्हटलं आणि सही न करता पोहे घेतले. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या नुसत्या माझ्याकडे पाहत राहिल्या, आणि माझ्या घरात ते 'नुसतं पाहणं' कायद्याच्या कुठल्याही कलमापेक्षा जड असतं.

आता त्या वर्गात बायकांच्या हातात जो कागद होता, त्याची हकीकत. युरोपातल्या एका टॅटिंगवाल्या बाईंचा कॉलरचा नमुना मी ऑनलाइन विकत घेतला होता. किंमत सिनेमाच्या तिकिटापेक्षा थोडी जास्त. तो वहिनींना दाखवला, वहिनींना आवडला, वर्गाला हवा झाला. मी झेरॉक्सच्या दुकानात गेलो आणि सगळ्यांसाठी प्रती काढल्या. कागदाच्या तळाला त्या बाईंचं नाव आणि बारीक अक्षरांत काही मजकूर होता. तो पट्टा प्रतीत बसत नव्हता. दुकानदारानं विचारलं, "काका, साइज कमी करू का?" मी म्हटलं, "खालचं राहू दे. उगाच शाई जाते."

हा सगळा प्रकार दिवाळीच्या सुट्टीत आलेल्या पुतणीनं ऐकला. ती पुण्यात पुस्तकांची मुखपृष्ठं करते, त्यामुळे तिची चित्रं न विचारता उचलणाऱ्यांचा तिला चांगलाच अनुभव. तिनं माझी सह्यांची वही एका हातात आणि झेरॉक्स दुसऱ्या हातात घेतली. "काका, तुझं नाव चार ठिकाणी आणि तिचं एकाही ठिकाणी नाही?"

मी कायद्यातला स्वतःच्या खाजगी वापराचा अपवाद पुढे केला. तो आहेच, कलम ५२ मध्ये. ती म्हणाली, "तुला डोळ्यांना त्रास होतो म्हणून तू तो तक्ता मोठा करून छापलास आणि समोर ठेवून विणलंस, तर तो तुझा खाजगी वापर. तू आळीभर वाटलास, तो आळीचा वापर. त्यातल्या चौघींनी जरी तो विकत घेतला असता, तरी त्या बाईला पुढचा नमुना आखायला हुरूप आला असता." मग तिनं एकेक गोष्ट बोटांवर मोजून सांगितली. गाठ कुणाच्या मालकीची नाही. रिंग नाही, पिको नाही, शटल फिरवण्याची रीत नाही. मात्र त्या बाईनं स्वतः आखलेला तक्ता, लिहिलेल्या सूचना आणि काढलेले फोटो तिचे. नमुना विकत घेऊन आपण कॉलर विणावी, वापरावी, भेट द्यावी, यासाठीच तो विकलेला असतो. कॉलरी करून विकायच्या असतील, तर तळाच्या बारीक अक्षरांत काय अट घातली आहे ती वाचावी. ती बारीक अक्षरं मी शाई वाचवण्यासाठी सोडून दिली होती.

"आणि काका, कलम ६३ वाचलंस का?" वाचलं होतं. सहा महिने ते तीन वर्षं कैद, ५० हजार ते दोन लाख दंड. ते मी दुसऱ्यांसाठी वाचलं होतं.

तरीही माझं फूल माझंच होतं, यावर मी ठाम. त्याच सुमारास एका मंगल कार्यालयात हस्तकलेचं प्रदर्शन भरलं. मी निवृत्तीपुष्पाचा रुमाल पाकिटात घालून, वही बगलेत मारून गेलो. आकाशकंदील, मेणाच्या पणत्या, चकल्यांची पाकिटं ओलांडून पुढे गेलो, आणि एका टेबलाशी माझे पाय थबकले. पारदर्शक पिशवीत एक जुना पिवळट हातरुमाल होता, आणि त्याच्या चारही कडांना माझी फुलं होती. सहा पाकळ्या, बाजूनं जोडलेल्या. खिशातून भिंग काढलं आणि गाठी मोजल्या. पाच, पिको, पाच, पिको, पाच, पिको, पाच.

टेबलामागे एक आजी बसल्या होत्या. मी कार्यालयातला आवाज लावला. "हे फूल आपण कुठून घेतलंत?"

"घेतलं म्हणजे? विकायचा नाहीये तो. आमच्या सासूबाईंच्या हातचा आहे. लोकांना बघायला ठेवलाय."

"त्यांना कुणी दिलं?"

"मिशनच्या शाळेत शिकल्या त्या. तिथे सगळ्याच मुली करायच्या म्हणे." मग त्यांचं लक्ष माझ्या पाकिटाकडे गेलं. "तुम्ही पण करता? बघू." त्यांनी माझा रुमाल घेतला आणि तोंड न पाहता आधी पाठ पाहिली. जाणत्या बायका लेस अशीच पाहतात. "टोकं नुसती कापलीत का हो? सुईनं आत ओवून घ्यायची असतात. पहिल्या धुण्यात सुटेल हे." एका पाकळीवर नख ठेवून म्हणाल्या, "आणि इथे गाठ उलटली नाही." मग हातरुमाल पिशवीतून काढून माझ्यापुढे सरकवला. "आवडला असेल तर बसा इथे आणि उतरवून घ्या. कागद आहे ना तुमच्याकडे?"

कागद होता. सह्यांच्या वहीची पुष्कळ पानं कोरी होती. माझ्याच फुलाची परवानगी मला देऊन वर त्यांनी एक चकलीही दिली. मी मुकाट्यानं बसलो आणि उतरवून घेतलं. कडेच्या कोपऱ्यावर फूल वळवायची त्यांच्या सासूबाईंची युक्ती मला खरोखरच माहीत नव्हती.

घरी आल्यावर पुतणीनं मला आणखी मागे नेलं. थेरेझ द दिलमों या बाईंचा भरतकाम-विणकामावरचा जाडजूड ग्रंथ १८८६ साली निघाला, पुढे अनेक भाषांत गेला, आणि त्यात टॅटिंगचं स्वतंत्र प्रकरण आहे. बाई १८९० मध्ये वारल्या. म्हणजे तो ग्रंथ आज कुणाच्याच ताब्यात नाही, त्यातले तक्ते कुणीही छापावेत, वाटावेत, वर्गात लावावेत. त्याहून मागे, १५६१ साली झुरिकमध्ये बॉबिन लेसच्या नमुन्यांचं एक पुस्तक छापलं गेलं. ते करणाऱ्या बाई लेस शिकवून पोट भरणाऱ्या. पुस्तकावर त्यांनी आपली ओळख ठेवली ती फक्त 'आर. एम.' या दोन अक्षरांची. माझ्या तक्त्यावर माझंच पूर्ण नाव चार ठिकाणी, मधल्या नावासकट.

मालकी हवीच असेल, तर ती गावाचीही असू शकते, हेही तेव्हाच कळलं. आंध्रातल्या नरसापूरच्या परिसरात हजारो बायका क्रोशाची लेस करतात. ही कला तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांबरोबर आली आणि तिथल्याच बायकांच्या बोटांत मुरली. त्या लेसला आता भौगोलिक मानांकन आहे. दुसरीकडची लेस 'नरसापूरची' म्हणून विकता येत नाही. पण ते मानांकन एकट्यादुकट्याच्या नावावर चढत नाही. माझ्यासारख्या फेरफारवाल्याला त्यात शिरकाव नाही.

मी तीन कामं केली. निवृत्तीपुष्पाच्या तक्त्यावरची माझी नावं खोडून 'पारंपरिक फूल' असं लिहिलं आणि तो तक्ता वर्गाला देऊन टाकला. बायकांनी तो घेतला आणि म्हणाल्या, "हे तर आम्हाला येतं." कॉलरच्या झेरॉक्स प्रती परत मागितल्या, निम्म्या मिळाल्या, उरलेल्यांवर कुणी दूधवाल्याचा हिशेब लिहिला होता. मग त्या युरोपातल्या बाईंना पत्र पाठवून झाला प्रकार कळवला आणि वर्गासाठी प्रती विकत मागितल्या. त्यांनी घाऊक सवलत दिली, आणि शिकवताना त्यांचा तक्ता फळ्यावर काढला तरी चालेल, असंही लिहिलं. परवानगी मागायला जेवढा वेळ लागला, त्यापेक्षा जास्त वेळ मी झेरॉक्सच्या रांगेत घालवला होता. माझा रुमाल पहिल्या धुण्यात सुटला.

एवढ्या खटाटोपातून हाती आलेला निकाल थोडक्यात असा. आजीच्या पेटीतला नमुना, मिशनच्या शाळेतला नमुना, लेखकाला जाऊन ६० हून अधिक वर्षं झालेल्या पुस्तकातला नमुना खुशाल उतरवा, वाटा, शिकवा. आज हयात असलेल्या माणसानं डोकं चालवून आखलेला नमुना विकत घ्या, तळाची बारीक अक्षरं वाचा, आणि मैत्रिणीला हवा असेल तर तिला कागद न देता दुकानाचा पत्ता द्या. काही शंका आली तर सरळ विचारा. बहुतेक वेळा उत्तर 'हो' असंच येतं. आणि कुणाला खरंच काही द्यायचं असेल, तर तिला शेजारी बसवून गाठ कशी उलटते ते दाखवा. त्याला ना शुल्क, ना मुद्रांक, ना मुदत.